त्या दोन रन्स

आमच्या घरात एक अलिखित नियम आहे. जेवणाच्या टेबलवर १९८७ चा विषय काढायचा नाही. काढला की बाबांचा घास हातातच राहतो, आई "झालं सुरू" म्हणून ताट उचलते आणि मग पुढचा अर्धा तास कपिल, मनिंदर, स्टीव्ह वॉ आणि त्या दोन रन्स. मी जन्मलो त्याच्या दहा वर्षं आधीची ही मॅच, पण आमच्या घरी ती काल संध्याकाळी झाल्यासारखी ताजी आहे.

गेल्या शनिवारी मी स्वतःहून तो विषय काढला. आईने माझ्याकडे असं पाहिलं की मी गॅस चालू ठेवून बाहेर गेलोय. पण मला खरंच विचारायचं होतं. का, ते शेवटी सांगतो. आधी मॅच.

९ ऑक्टोबर १९८७, शुक्रवार. मद्रासचं चेपॉक मैदान. रिलायन्स वर्ल्ड कपमधली भारताची पहिलीच मॅच, समोर ऑस्ट्रेलिया. भारत जगज्जेता, कॅप्टन तोच कपिल देव, वर्ल्ड कप पहिल्यांदाच इंग्लंडच्या बाहेर आलेला आणि तोही आपल्या अंगणात. बाबा तेव्हा नुकतेच नोकरीला लागले होते. त्यांनी पोटदुखीचं कारण सांगून हाफ डे टाकला आणि शेजारच्या काकांकडे जाऊन बसले, कारण कलर टीव्ही त्यांच्याकडेच होता.

ऑस्ट्रेलियाची बॅटिंग पहिली. जेफ मार्शने ११० केल्या. डीन जोन्सने ३९ केल्या आणि त्यातलाच एक फटका या सगळ्या रामायणाचं मूळ. बॉल उंच गेला, सीमारेषेच्या आसपास पडला. रेषेच्या आत की बाहेर? अंपायरने शेवटी चौकार दिला. आज पंधरा कॅमेरे आणि तिसरा अंपायर असतो, तेव्हा असलं काही नव्हतं. अंपायर म्हणेल ते खरं. पन्नास ओव्हर्स संपल्या, बोर्डावर २६८.

मग लंच. ऑस्ट्रेलियाच्या मॅनेजरनी अंपायरना गाठलं, की बाबांनो तो षटकार होता. आता विचार करा, इनिंग संपलेली आहे, स्कोअर सगळ्या देशाने पाहिलेला आहे. कपिल "अंपायरने जे दिलं ते दिलं" एवढं बोलून जेवायला बसू शकला असता. कुणीही त्याला नावं ठेवली नसती. उलट हेच सगळ्यात रीतसर उत्तर होतं. पण विषय त्याच्यापर्यंत आला आणि त्याने मान्य केलं. चौकाराचा षटकार झाला. २६८ चे २७० झाले.

पुढचं बहुतेकांना माहीत आहे. श्रीकांतने ७० मारल्या. नवज्योत सिद्धूची ही पहिलीच वनडे, त्याने ७३ ठोकल्या. (हो, हल्ली टीव्हीवर शेरोशायरी करतात तेच.) मॅच खिशात आहे असं वाटत असताना मॅक्डरमॉटने चार विकेट्स काढल्या आणि आपली नेहमीची गळती लागली. शेवटचे दोन बॉल, दोन रन्स हव्या, एकच विकेट शिल्लक, आणि बॅटिंगला मनिंदर सिंग.

इथे बाबा हमखास थांबतात आणि विचारतात, "याच मैदानावर वर्षभरापूर्वी काय झालं होतं?" सप्टेंबर १९८६ मध्ये, याच चेपॉकवर, याच ऑस्ट्रेलियाविरुद्ध टेस्ट मॅच टाय झाली होती. स्कोअर बरोबरीत असताना आऊट होणारा शेवटचा माणूस? मनिंदर सिंग. तर त्याच मनिंदरला बावीस वर्षांच्या स्टीव्ह वॉने बोल्ड केलं. भारत सर्वबाद २६९. एका रनने हरलो.

गणित साधं आहे. लंचला स्कोअर २६८ च राहिला असता तर २६९ ला आपण जिंकलेलो असतो, आणि मनिंदरला तो बॉल खेळायची वेळच आली नसती. कपिलने दोन रन्स दिल्या आणि आपण एका रनने हरलो. इतकी स्वच्छ, कागदावर मांडता येणारी किंमत प्रामाणिकपणाला क्वचितच मिळते. एरवी आपण "प्रामाणिकपणाचं फळ मिळतंच" वगैरे म्हणतो आणि विषय संपवतो. इथे फळ दुसऱ्याच दिवशी पेपरात छापून आलं होतं.

बाबांच्या मते हीच मॅच जिंकून ऑस्ट्रेलियाला सूर लागला, आणि ते पुढे थेट कोलकात्याला ईडन गार्डन्सवर ८ नोव्हेंबरला इंग्लंडला सात रन्सनी हरवून वर्ल्ड कप घेऊन गेले. म्हणजे कपिलने दोन रन्स नाही, अख्खा कप दिला.

या वेळी मी थोडा होमवर्क करून गेलो होतो. पॉइंट्स टेबल मांडलं. एका विजयाला चार पॉइंट्स. भारत सहापैकी पाच जिंकला, ऑस्ट्रेलियाही पाच, दोघांचे वीस-वीस आणि रनरेटवर भारत पहिला. आता चेपॉकची मॅच आपण जिंकली असं धरा. भारताचे २४, ऑस्ट्रेलियाचे १६, न्यूझीलंडचे आठच. म्हणजे ऑस्ट्रेलिया तरीही सेमीफायनलला, भारत तरीही पहिला, आणि मुंबईच्या वानखेडेवर इंग्लंडशीच गाठ. तिथे ५ नोव्हेंबरला ग्रॅहम गूचने स्वीप मारमारून ११५ केल्या आणि आपण ३५ रन्सनी हरलो. त्याचा आणि चेपॉकच्या दोन रन्सचा काही संबंध नाही. बदल झालाच असता तर एवढाच, की नागपूरला न्यूझीलंडविरुद्ध रनरेटसाठी जीव तोडून धावावं लागलं नसतं. आणि मग कदाचित गावसकरचं आयुष्यातलं एकमेव वनडे शतकही पाहायला मिळालं नसतं!

बाबांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "तू इंजिनियर आहेस. तुला मोमेंटम काय कळणार." असो.

कपिल म्हणजे काही संत नव्हे, हे पण सांगून टाकतो. पाच वर्षांनी, डिसेंबर १९९२ मध्ये, दक्षिण आफ्रिकेत पोर्ट एलिझाबेथला पीटर कर्स्टन नॉनस्ट्रायकर एंडला बॉल टाकायच्या आधीच क्रीज सोडून पुढे जात होता. कपिलने आधी ताकीद दिली होती. तरी ऐकेना म्हटल्यावर सरळ बेल्स उडवल्या आणि आऊट केलं. त्यावर बराच गदारोळ झाला. मला मात्र ही दोन टोकं वाटत नाहीत. ज्या रन्स त्यांच्या आहेत त्या त्यांना द्या, आणि जे अंतर त्यांचं नाही ते चोरू देऊ नका. हिशेब एकच आहे.

आता सात वर्षं मागे जाऊया. फेब्रुवारी १९८०, मुंबई, वानखेडे. बीसीसीआयच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त इंग्लंडविरुद्ध एकच टेस्ट ठेवली होती. बाबा तेव्हा डोंबिवलीला शाळेत, आणि आजोबांचा ट्रान्झिस्टर कानाला. या टेस्टची एक गंमत म्हणजे १५ तारखेला मॅच सुरू झाली आणि लगेच १६ ला सुट्टी. कारण काय, तर त्या दिवशी भारतातून खग्रास सूर्यग्रहण दिसणार होतं! ग्रहणासाठी टेस्ट मॅचचा विश्रांतीचा दिवस पुढेमागे करणारे आपणच.

कॅप्टन होता गुंडाप्पा विश्वनाथ. गावसकरने कॅप्टनशिप सोडली होती म्हणून ती विशीकडे आली. अख्ख्या करियरमध्ये तो दोनच टेस्टमध्ये कॅप्टन होता आणि ही दुसरी. म्हणजे कॅप्टन म्हणून एक टेस्ट जिंकण्याची, रेकॉर्ड बुकात एक 'विजय' लिहिला जाण्याची त्याला मिळालेली ही शेवटची संधी. अर्थात तेव्हा त्याला ते माहीत नव्हतं.

आपण २४२ ला ऑलआऊट. मग इंग्लंडचीही दाणादाण, ५८ ला पाच. इयन बोथम आणि विकेटकीपर बॉब टेलर एकत्र आले आणि खिंड लढवायला लागले. भागीदारी साधारण निम्म्या वाटेवर असताना कपिलच्या बॉलवर टेलरविरुद्ध कॅच बिहाइंडचं अपील झालं आणि अंपायरने बोट वर केलं. टेलर घुटमळला, कारण बॉल त्याच्या बॅटला लागलाच नव्हता. विश्वनाथ स्लिपमध्ये उभा होता. त्याला स्वच्छ दिसलं होतं. त्याने अंपायरशी बोलून निर्णय मागे घ्यायला लावला आणि टेलरला परत बोलावलं.

टेलरने शेवटी ४३ केल्या. बोथमने ११४. भागीदारी १७१ ची. इंग्लंड २९६. मग बोथमने दुसऱ्या इनिंगमध्ये सात विकेट्स काढून आपल्याला १४९ ला गुंडाळलं (मॅचमध्ये एकूण तेरा!) आणि इंग्लंड दहा विकेट्सनी जिंकलं. आणि हा बॉब टेलर, ज्याला परत बोलावलं, त्याने त्या मॅचमध्ये विकेटमागे दहा कॅच घेतले. त्या काळचा तो विश्वविक्रम. म्हणजे ज्याचा फायदा केला तोच दोन्ही बाजूंनी अंगावर आला.

विशी मुळातच असा. बॅटिंग करताना आपण आऊट आहोत हे कळलं की अंपायरकडे न बघता चालू लागणारा. गावसकरची बहीण त्याची बायको, आणि गावसकरने आपल्या मुलाच्या नावात, रोहन जयविश्व, त्याचंही नाव गुंफलं. त्याच्या नावावर टेस्टमध्ये सहा हजारांवर रन्स आहेत. पण कुणाही साठीतल्या माणसाला विशीबद्दल विचारा. स्क्वेअर कटनंतर दुसरी गोष्ट बॉब टेलरचीच निघते.

तिसरी गोष्ट क्रिकेटची नाही, आणि इथल्या बहुतेक मंडळींनी ऐकली नसेल. मी पण ऑफिसमधल्या एका अमेरिकन सहकाऱ्याकडून ऐकली आणि मग वाचत बसलो.

अमेरिकन फुटबॉल. (नाव फुटबॉल, पण बॉल हातात घेऊन पळतात.) एका टीमला दहा यार्ड पुढे सरकायला चार प्रयत्न मिळतात. प्रत्येक प्रयत्नाला 'डाऊन' म्हणतात. चारमध्ये जमलं नाही तर बॉल समोरच्या टीमचा.

१६ नोव्हेंबर १९४०. कॉर्नेल विरुद्ध डार्टमथ, दोन्ही विद्यापीठांच्या टीम्स. कॉर्नेल लागोपाठ अठरा मॅचेस अपराजित होती. डार्टमथने ३-० अशी आघाडी टिकवून धरलेली. शेवटचे काही सेकंद उरले, कॉर्नेल गोललाईनच्या अगदी तोंडाशी. चारही प्रयत्न झाले, जमलं नाही. पण मधल्या गडबडीत रेफरी रेड फ्रीझल मोजायला चुकला आणि त्याने कॉर्नेलला आणखी एक प्रयत्न दिला. पाचवा. त्या पाचव्यावर कॉर्नेलने टचडाऊन केला. ७-३. मॅच संपली, निकाल लागला, लोक घरी गेले.

पण मॅचची फिल्म काढलेली होती. दोन दिवसांनी ती धुऊन आली आणि लोकांनी बसून मोजलं. एक, दोन, तीन, चार... पाच. रेफरीने चूक कबूल केली. पण नियम असा की मॅच संपल्यावर निकाल बदलायचा अधिकार कुणालाच नाही. ना रेफरीला, ना कुठल्या असोसिएशनला. कॉर्नेलने नुसतं गप्प बसायचं होतं. काही करायचंच नव्हतं.

त्यांचे कोच कार्ल स्नेव्हली आणि विद्यापीठाचे प्रेसिडेंट एडमंड डे यांनी विचार केला आणि डार्टमथला तार केली, की विजय तुमचा. डार्टमथने तो स्वीकारला. आजही रेकॉर्ड बुकात त्या मॅचचा निकाल डार्टमथ ३, कॉर्नेल ० असाच आहे. अठरा मॅचेसची मालिका एका तारेने संपली.

आता याचीच उलटी बाजू. ६ ऑक्टोबर १९९०, कोलोरॅडो विरुद्ध मिसुरी. तंतोतंत तीच चूक. रेफरींनी कोलोरॅडोला पाचवा डाऊन दिला, त्यावर त्यांनी स्कोअर केला आणि ३३-३१ ने जिंकले. या वेळी तर टीव्ही होता, सगळ्या जगाने पाहिलं. कोलोरॅडोने विजय ठेवला. त्या वर्षीच्या राष्ट्रीय विजेतेपदातही त्यांना वाटा मिळाला. त्यांच्या कोचने पुढे बऱ्याच वर्षांनी खेद व्यक्त केला, पण विजय काही परत गेला नाही. नियमाने ते चुकले का? अजिबात नाही.

या तिन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्यावर मला एक गोष्ट जाणवली. विश्वनाथने चूक दुरुस्त केली ती त्याच क्षणी. बॅट्समन अजून मैदानावर होता. कपिलने केली मधल्या सुट्टीत. इनिंग संपली होती पण मॅच बाकी होती. कॉर्नेलने केली ती सगळं संपल्यावर, जिंकल्याचं सेलिब्रेशन झाल्यावर. जितका उशीर, तितकं ते अवघड होत जातं. कारण सुरुवातीला फायदा नुसता समोर आलेला असतो. मग तो आपला होतो. आणि एकदा आपला झाला की परत देताना तो खिशातून काढून द्यावा लागतो. आमच्या धंद्यात हे पहिल्या वर्षी शिकवतात. बग डिझाइनमध्ये सापडला तर स्वस्त, टेस्टिंगमध्ये सापडला तर महाग, आणि प्रॉडक्शनमध्ये सापडला तर देवच वाली.

तर आता माझ्या प्रॉडक्शनमधल्या बगबद्दल.

आमची टीम एका परदेशी क्लायंटचं सपोर्टचं काम बघते. त्यांच्याकडून तिकिटं येतात, आम्ही ठरलेल्या तासांत सोडवायची. महिन्याअखेरी रिपोर्ट जातो, किती टक्के तिकिटं वेळेत सुटली. ९५ टक्क्यांच्या वर राहिलं तर सगळं छान, खाली गेलं तर बिलातून पैसे कापले जातात. हा रिपोर्ट काढणारी स्क्रिप्ट माझी. वर्षाच्या सुरुवातीला आम्ही ९० च्या आसपास रखडत होतो. मग मी तिकिटं वाटायची पद्धत बदलली, एक छोटं टूल लिहिलं, आणि मार्चपासून आकडा एकदम ९७ वर गेला. कौतुक झालं. टीमला अवॉर्ड मिळालं, मला वेगळं सर्टिफिकेट आणि अप्रेझलमध्ये चांगलं रेटिंग. सर्टिफिकेट आईने फ्रेम करून हॉलमध्ये लावलंय.

परवा दुसरंच काहीतरी शोधताना मला एक तिकीट दिसलं जे उघडण्याच्या तीन तास आधी सुटलं होतं.

आधी हसू आलं. मग पोटात गोळा. तिकीट उघडल्याची वेळ क्लायंटच्या सिस्टीममधून येते, ती मी भारतीय वेळेत बदलून घेतो. बंद झाल्याची वेळ आमच्या सर्व्हरवरून. तो सर्व्हर मार्चमध्ये क्लाऊडवर हलवला. नव्या मशीनचं घड्याळ यूटीसीत. म्हणजे मार्चपासून प्रत्येक तिकिटाच्या वेळेतून साडेपाच तास गायब. हे पहिल्याच आठवड्यात लक्षात यायला हवं होतं, कारण वजा तास दिसले असते. पण फार पूर्वी टेस्ट डेटा त्रास देत होता म्हणून मीच एक ओळ लिहून ठेवली होती, की उत्तर ऋण आलं तर शून्य धर. माझ्याच हाताने मी अलार्मची वायर काढून ठेवली होती.

सात महिन्यांचा डेटा पुन्हा चालवला. खरा आकडा ८९ ते ९१ च्या मधे. म्हणजे माझ्या टूलने काडीचा फरक पडला नव्हता. ९७ टक्के, अवॉर्ड, फ्रेम, सगळं त्या साडेपाच तासांचं.

क्लायंटची काही तक्रार नव्हती. कुणालाच काही माहीत नव्हतं. आमच्या लीडना सांगितलं तर ते बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसले आणि म्हणाले, "पुढच्या महिन्यापासून नीट कर. मागचं त्यांनी विचारलं तर बघू." ते वाईट माणूस नाहीत. टीममधल्या दोघांचं ऑनसाईट जायचं घाटत होतं आणि ते याच आकड्यांवर अवलंबून होतं. त्यातल्या एकाच्या घराचा हप्ता मला माहीत आहे. माझं एकट्याचं सर्टिफिकेट परत करणं सोपं आहे हो. विशीने टेलरला परत बोलावलं तेव्हा बाकीच्या दहा जणांना विचारलं होतं का? कपिलने दिलेल्या दोन रन्स श्रीकांत आणि सिद्धूच्याही होत्या. हा प्रश्न मला या गोष्टी वाचताना आधी कधीच पडला नव्हता.

मी स्वतःला बरीच कारणं देऊन पाहिली. सगळ्यात पटणारं कारण क्रिकेटमधलंच होतं. बॅट्समन लोक म्हणतात ना, अंपायर कधी नसलेलं आऊट देतो, कधी असलेलं देत नाही, शेवटी हिशेब बरोबर होतो, मग आपण कशाला स्वतःहून चालायचं? अंपायर माणूस आहे, त्याच्या चुका दोन्हीकडे होतात, त्यामुळे यात तथ्य आहे. पण माझी स्क्रिप्ट माणूस नाही. ती दर वेळी एकाच बाजूला चुकत होती. साडेपाच तास, नेहमी आमच्याच पदरात. आणि इथला अंपायर म्हणजे मीच होतो. क्लायंट माझ्या आकड्यावर विश्वास ठेवून पैसे देत होता. स्लिपमध्ये उभं राहून सगळं दिसलेला माणूसही मीच. माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला ते दिसणं शक्यच नव्हतं.

म्हणून शनिवारी जेवताना बाबांना विचारलं. एवढी वर्षं तुम्ही त्या दोन रन्सवरून चिडताय. तुम्ही कपिलच्या जागी असता तर?

मला वाटलं होतं, बाबा उसळतील. त्यांनी आमटी वाढून घेतली, भात कालवला. मग म्हणाले, "द्यायलाच लागल्या असत्या की. सिक्सच होती ती."

"मग चिडता कशाला?"

"हरलो म्हणून! चिडायचं नाही का?"

आई म्हणाली, "हे उत्तर आधीच दिलं असतंत तर माझी किती जेवणं सुखाची झाली असती."

रविवारी रात्री मेल लिहिला. चार वेळा लिहिला, तीन वेळा पुसला. पहिल्या खर्ड्यात "सर्व्हर मायग्रेशनमुळे तफावत आढळली" असं होतं. ते खोटं नाही, पण खरंही नाही. शेवटी सरळ लिहिलं, की स्क्रिप्ट माझी, चूक माझी, सात महिन्यांचे दुरुस्त आकडे सोबत जोडले आहेत. सोमवारी सकाळी लीडना दाखवला. लपवून पाठवायचा नव्हता. त्यांनी दोनदा वाचला, कपाळावर हात मारला, आणि म्हणाले, "पाठव. माझं नाव पण सीसीत टाक." ते मला अपेक्षित नव्हतं. त्यांचंही अप्रेझल आहे शेवटी.

आज शनिवार. क्लायंटकडून "मिळालं, आतल्या लोकांशी बोलून कळवतो" एवढंच उत्तर आलंय. पैसे कापतील, बहुतेक सात महिन्यांचे. त्या दोघांचं ऑनसाईट तूर्तास लांबलंय. एक जण माझ्याशी बोलतोय, दुसरा कामापुरतं बोलतोय. त्याला मी दोष देत नाही. "शेवटी सगळं छान झालं" असं लिहायला मलाही आवडलं असतं, पण स्कोअरबोर्ड सध्या तरी आमच्या विरुद्ध आहे. कपिलचाही होताच. त्या वर्ल्ड कपनंतर त्याची कॅप्टनशिप गेली. अर्थात चेपॉकमुळे नाही, पण दोन रन्स दिल्या होत्या म्हणून कुणी ती वाचवलीही नाही.

स्क्रिप्टमधली ती शून्याची ओळ काढून टाकली आहे. आता ऋण आकडा आला की स्क्रिप्ट बोंबलते आणि थांबते. फ्रेम अजून हॉलमध्येच आहे. आईला म्हटलं काढ, तर म्हणाली, "राहू दे, भिंतीला मागे डाग पडलाय."

चला, बाबा हाक मारतायत. टीव्हीवर कुठलीतरी जुनी मॅच लागलीय. आवाजावरून तरी १९८७ ची वाटत नाही.